डोंगरातल्या शाळेत भांडी कोण घासतं?

५ जानेवारी १९६४, अकोला

शालिकराम गुरुजींनी आज ही डायरी दिली. कोण्या तेलगिरणीवाल्यानं संस्थेला दोन फुकट दिल्या, एक त्यांनी ठेवून घेतली. गुरुजी आमच्या मुलींच्या वसतिगृहाचे सचिव. म्हणाले, "चतुराबाई, रोज चार ओळी लिहीत जा, भाषा सुधारते." माझ्या भाषेला काय धाड भरली? लिहिताना 'मला' लिहिते, बोलताना 'मले' म्हणते, दोन्हीकडे काम भागतं.

रोजचा अहवाल लिहायला रजिस्टर आहेच. त्यात सात वर्षांपासून मी एकच वाक्य लिहून राहिले, "सर्व मुली ठीक." इथं दुसरं काही लिहीन म्हणते. तर पहिली गोष्ट ही की मी थकले. बेचाळीस पोरी, एक विहीर, आणि स्वयंपाकाला एकटी माणिकबाई, तीही हप्त्यातून दोन दिवस अंगात कणकण घेऊन बसते. पहाटे पाचला पोरी उठवा, पाणी शेंदा, लहानींच्या उवा काढा, मोठींची भांडणं सोडवा. सातवी पास झाले तेव्हा वाटलं होतं, आता खुर्चीवर बसून नोकरी करायची. खुर्ची मिळाली. तिच्यावर पोरींची ओली लुगडी वाळतात.

एकच आशा आहे. मे महिन्याची सुट्टी लागली की अमरावतीला कौतिकाकडे जाईन. माझी धाकटी बहीण, राजापेठेत राहते. तिच्या अंगणात बाज टाकून महिनाभर पडून राहीन, आणि कोणी "बाई" म्हणून हाक मारली तर ओ देणार नाही.

९ जानेवारी

गाद्या उन्हात टाकताना आठवीतल्या मैनाच्या गादीखाली वही सापडली. चौदा वर्षांची पोरगी, गादीखाली वही, काय समजायचं माणसानं? पदराखाली धरून खोलीत आणली, कडी लावली, उघडली. चिठ्ठी नव्हती. गोष्ट होती, 'डोंगरातली शाळा'. जादूची शाळा म्हणे!

मैना दर्यापुराकडची. बाप ती लहान असतानाच गेला, आई दुर्गाबाई मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. बोलते कमी. गणितात पहिली, आणि भाकर टाकताना दर वेळी हात पोळून घेते.

१२ जानेवारी

रविवार. माणिकबाई पोरींना घेऊन मोर्णा नदीवर कपडे धुवायला गेली, तेवढ्यात वही सगळी वाचली.

चिखलदऱ्याच्या पलीकडे, गाविलगडाच्या मागं एका डोंगराच्या पोटात ही शाळा. तिथं पोरी मंत्र शिकतात, दगडाचं पाखरू करतात, ढगावर बसून भूगोल पाठ करतात. ते असो बापा. मंत्राचं मला काही नाही. पण व्यवस्था! व्यवस्थेच्या नावानं पूज्य!

दोनशे पोरी, आणि विहीर एकही नाही. घागरी आपोआप भरतात म्हणे. कुठून भरतात? डोंगरात उन्हाळ्याचं पाणी कसं आटतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. स्वयंपाक एक बाई करते, पण ती दिसत कोणालाच नाही. नुसता भाकरीचा वास येतो, आणि पोरी निजल्या की ती सगळ्यांच्या केसांवरून हात फिरवून जाते. अशी स्वयंपाकीण मलाही पाठवा कोणी. दिसत नाही म्हणजे भांडतही नसेल. पुढं पाहावं तर सुट्टीच नाही! ना दिवाळीची, ना उन्हाळ्याची. मग रजया कधी धुतात? भिंती कधी सारवतात? आणि तिथल्या बाईनं बिचारीनं अंग कधी टाकायचं? टपाल येत नाही. पोरींची वयं वाढत नाहीत, जी जेवढी आली तेवढीच राहते. नवे झंपर शिवावे लागत नाहीत, एवढी एक गोष्ट सोयीची.

आणि दोनशे ताटं, दोनशे वाट्या, हे घासतं कोण? एक अक्षर नाही त्याच्याबद्दल. लिहिणारे सगळे असेच, जेवणापाशी गोष्ट संपवतात.

लाल पेन्सिल घेतली, समासात खुणा केल्या आणि शेवटच्या पानावर हे सगळं लिहून काढलं. वही होती तिथं ठेवून दिली. पोरीशी बोलले काही नाही.

२१ जानेवारी

गाद्या टाकताना वही पुन्हा दिसली. या वेळी अर्धी बाहेर काढून ठेवलेली, मला दिसावी अशी. आगाऊ कार्टीनं उत्तरं लिहिली होती!

पाण्याचं उत्तर: "डोंगराच्या पोटात सगळा पावसाळा साठवून ठेवला आहे." ठीक. टाकी समजू. वय न वाढण्याचं उत्तर: "वाढलं की घरचे विचारतात." हे काही नीट समजलं नाही. सुट्टीचं उत्तर: "सुट्टी दिली तर घरचे न्यायला येतील." येऊ दे की! न्यायलाच पाहिजे, तिथल्या बाईलाही कोणी बहीण असेल. मी तसं खाली लिहिलं.

मग मी विचारलं होतं की टपाल नाही, रस्ता नाही, तर गव्हाची बैलगाडी शाळेत येते कशी. त्याचं उत्तर लांब होतं. शाळेचं दार सगळ्यांना दिसत नाही. पोरीला आणून घालताना दाराच्या वहीत ज्यानं अंगठा केला, त्यालाच दिसतं. गाडीवाल्याचा अंगठा आहे, म्हणून त्याला दिसतं. बाकीचे डोंगराभोवती फिरून फिरून परत जातात.

हे बरं आहे. पण मी सात वर्षं वसतिगृह चालवून राहिले, मला भोक लगेच दिसतं. लाल पेन्सिलीनं लिहिलं: "अंगठा करणारं माणूस मेलं तर? पोरगी जन्मभर आतच राहणार का?"

भांड्यांचं उत्तर नाहीच.

२३ जानेवारी

उत्तर आलं. एकच शब्द. "हो."

ही काय व्यवस्था झाली? हुशार म्हणावी तर अशी अर्धवट. उद्या शिक्षण संपलं, तरी आतच? मी लिहिलं, "हे दुरुस्त कर."

३० जानेवारी

मार्चमध्ये तपासणी आहे. गुरुजी दिवसभर माझ्या खोलीत बसून प्रवेशपत्रं पाहत होते. मैनाच्या कागदापाशी अडले.

"चतुराबाई, इथं पुरुष पालकाची सही पाहिजे. हा अंगठा कोणाचा?"

"तिच्या मायचा."

"आणि हे काळं काय आहे?"

"तव्याची काजळी. शाईचं पॅड कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली घेऊन तुमी नागपूरले गेले होते."

गुरुजींना हसू आलं नाही. त्यांना ते नागपूरच्या सभेतही येत नसावं. चूक माझी आहे, हे मी लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी दुर्गाबाई दर्यापुराहून एकटीच पोरीचा हात धरून आली. म्हणाली, "बाई, आज ठेवून घ्या, उद्या घरचे येऊ देनार नाई." आता अशा बाईला परत जा, पुरुष घेऊन ये, असं कोण्या तोंडानं सांगू? तवा उलटा केला, तिचा अंगठा त्यावर घासला आणि कागदावर टेकवला. जन्मतारीखही अंदाजानं घातली. ती म्हणाली, ज्या साली ज्वारी काळी पडली त्या सालची.

दाराजवळ भिंतीवर गुरुजींनी स्वतःच्या हातानं तेलरंगात नियम लिहिला आहे: "प्रवेशपत्रावर ज्या पालकाची सही अथवा अंगठा असेल त्याच्याच हवाली मुलगी करावी." एक खोटा मामा एका पोरीला घेऊन चालला होता, तेव्हापासून. आता मैनाचा अंगठावाला पालक तर वारला. गुरुजी म्हणाले, "जिवंत पालक आणा, नव्या कागदावर सही घ्या, हा जुना फाडा."

गंमत पाहा. जे भोक मैनाच्या गोष्टीत, तेच आमच्या फायलीत! मी आजच तिच्या काकाला, श्रावणला, कार्ड टाकलं. पोरीलाही सांगितलं, "पाय व, आमी आमचं दुरुस्त केलं, आता तू तुह्या शाळेचं कर." तिनं मान हलवली आणि विहिरीवर गेली.

९ फेब्रुवारी

श्रावण आला. सज्जन माणूस दिसला. धोतर धुतलेलं, बोलणं अदबीचं, दाराशी वहाणा काढून "जयभीम बाई" म्हणाला. नव्या कागदावर निळ्या शाईनं सही केली, एक एक अक्षर जोर लावून. कामाचा बोजा उतरला माझा.

मैनाला बोलावलं. तिची आई गेल्यापासून त्यानं तिला पाहिली नव्हती. "बापा, केवढी वाढली!" म्हणाला आणि वरपासून खालपर्यंत पाहत राहिला. भाकरी येतात का, विचारलं. मी म्हटलं, "येतात, पन हात पोयते." कितव्या वर्षात आहे, विचारलं. मग सुट्टी कधी लागते ते विचारलं. आजकाल कोणता काका एवढी चौकशी करतो? मी कॅलेंडर काढून तारीख दाखवली. सव्वीस एप्रिल, रविवार. त्यानं बोटावर मोजलं आणि म्हणाला, "मी सोता येतो न्याले."

मैनाला म्हटलं, "पाय, तुले वाटत होतं ना, आपलं कोणी नाई?" ती आत पीठ मळायला गेली. तिला आनंद दाखवता येत नाही.

१९ फेब्रुवारी

दहा दिवसांपासून वही गादीखाली तशीच आहे. नवीन पान नाही. अभ्यासाला लागली असेल. मला काय, माझा ताप वाचला.

तरी गाद्या टाकताना रोज उघडून पाहते.

६ मार्च

तपासणी पार पडली. साहेबांनी गुळाचा चहा घेतला, विहिरीत डोकावले, फायली चाळल्या. मैनाच्या कागदावर निळी सही पाहून गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, शाब्बास अशा अर्थानं. साहेब गेल्यावर म्हणाले, "तो जुना फाडला ना?"

"फाडते," म्हटलं. फाडला नाही. मेलेल्या बाईचा अंगठा आहे. तिचा फोटो तर जन्मात कोणी काढला नसेल. पिठाच्या डब्याखाली घालून ठेवला. रात्री लवकर झोपले, पाठ धरली आहे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी पोरी पांढरी लुगडी नेसून मिरवणुकीत गेल्या. मैना गेली नाही, पोट दुखतं म्हणाली. मी माणिकबाईला म्हटलं, हिला सुंठ दे. माणिकबाई सांडशी हातात घेऊन माझ्याकडे पाहतच राहिली.

"बाई, तुमी काय झोपेत राह्यता काय? पोरीचं लगन जुयलं. काकानं ठरवलं. मूर्तिजापूरचा हाये, बायको मेलेला, दोन लेकरं हायेत त्याले. सुटीत घेऊन जाते आन् बुद्धपौर्णिमेले उरकून टाकते."

"तुले कोणं सांगतलं?"

"दर्यापूरची भाजीवाली. साऱ्या पोरीयले ठाऊक हाये. तुमालेच नाई."

मी तिथंच चुलीपाशी बसले. कार्ड मी लिहिलं. तारीख मी दाखवली. कॅलेंडर काढून, बोट ठेवून दाखवली. आई एकटी आली होती, घरचे येऊ देणार नाहीत म्हणाली होती, आणि मी त्याच घरच्यांना कार्ड टाकून बोलावून आणलं. माझ्यासारखी मूर्ख बाई अकोल्यात दुसरी नसेल.

१५ एप्रिल

मैनाला खोलीत बोलावलं. म्हटलं, "काहून व, मले सांगतलं काहून नाई?"

पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "लिहिलं होतं ना बाई."

"कुठी?"

"वहीत. तुमीच त्याच्यावर लाल पेन्सिल मारली."

ती गेल्यावर वही काढून पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. सुट्टी नाही. टपाल नाही. वय वाढत नाही. दार दिसत नाही. न दिसणारी बाई भाकरी करते आणि केसांवरून हात फिरवते. आणि त्या बाईच्या बाजूला माझ्या हातानं लाल अक्षरात लिहिलेलं: "पगार किती?"

डोळ्यांतून पाणी आलं. आता रडून काय उपयोग, पण आलं.

२२ एप्रिल

तीन वेळा गुरुजींकडे जाऊन आले. वाईट माणूस नाही. हैराण झाले तेही. पण म्हणतात, "चतुराबाई, सही त्याची आहे. तो नेणार म्हणाला तर आपण कोण?"

मी म्हटलं, लग्नाचा कायदा पंधरा वर्षांचा आहे, पोरगी चौदाची. ते म्हणाले, "जन्माचा दाखला कुठे आहे? तारीख तुम्ही ज्वारी पाहून घातली. तो सोळा सांगेल." खरं आहे. कायदा अकोल्याच्या कचेरीत राहतो, लग्न तिकडं गावात लागतं.

"तपासणीच्या आधीचा तो जुना कागदच फायलीत असता तर?" मी विचारलं.

"तर नियमानं तिला कोणालाच देता आलं नसतं. पण तो तुम्ही फाडला." असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

कौतिकाचं पत्र आलं आहे. माझ्यासाठी बाज विणून घेतली म्हणते. सुंभ नवा आहे.

२५ एप्रिल

सकाळी वंदनेला पंचशील म्हणताना चौथ्यापाशी अडखळले. खोटं बोलणार नाही, हे चौथं. बेचाळीस पोरी माझ्यामागं म्हणतात, सगळ्या थांबल्या. लहान कौसल्या पुढची ओळ सांगायला लागली, जशी मीच विसरले. विसरले नव्हते.

सात वर्षांत एकही नियम मोडला नाही. साखरेचा दाणा घरी नेला नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय? आणि हे बाहेर आलं तर ही नोकरीही जाईल. कौतिकाच्या अंगणात मग जन्मभर पडून राहायचं.

२६ एप्रिल

आज चूल मी पेटवली. माणिकबाई आली तेव्हा पाणी उकळत होतं. म्हणाली, "बाई, तुमी? आन् कपाशीच्या पऱ्हाट्या तर ओल्या होत्या, पेटल्या कशा?"

"कागद लावला," म्हटलं. तिनं चुलीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कणकेला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पुढं काही विचारलं नाही.

दहापासून पालक यायला लागले. पोरी ट्रंका घेऊन ओट्यावर. एकेक कागद काढायचा, सही पाहायची, पोरगी सोडायची. अकरा वाजता श्रावण आला. हातात पिशवी, पिशवीत पोरीसाठी नवं हिरवं लुगडं. मी फाईल उघडली.

"श्रावणभाऊ, हिच्या कागदावर तुमची सही नाही."

"असं कसं? म्या याच टेबलावर केली होती."

"हे पाहा, अंगठा आहे. दुर्गाबाईचा. तिले आना, पोरगी घेऊन जा."

"बाई, ते मेली ना!"

"मले ठाऊक आहे."

तो ओरडला. ओट्यावरचे सगळे पालक वळून पाहायला लागले. गुरुजी आतून आले. श्रावणनं त्यांना सांगितलं, बाईनंच कार्ड टाकून मला सहीसाठी बोलावलं होतं. गुरुजींनी फाईल हातात घेतली. काळा अंगठा पाहिला. पान उलटून मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"चतुराबाई, नवा कागद?"

"कोणता नवा कागद, गुरुजी?"

मी टेबल धरून उभी राहिले. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग भिंतीजवळ गेले आणि स्वतःच लिहिलेला नियम मोठ्यानं वाचला, दुसऱ्याच कोणी लिहिला असावा तसा, अथपासून इतिपर्यंत. "नियम आहे, भाऊ," म्हणाले. "मी तरी काय करू?" आणि आत निघून गेले.

श्रावण पायरीवर बसला. मैना पाणी घेऊन आली, तांब्या त्याच्यापाशी ठेवून दाराच्या आत उभी राहिली. तो पाणी प्यायला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी काय वैरी हाये तिचा? माह्या घरी तीन पोरी हायेत. हिले खाऊ घालनारा भेटला, मनून हो मनलं. मले काय हौस हाये?"

त्याचा चेहरा पाहिला. तोही माझ्याइतकाच थकलेला होता. मला वाटलं होतं, राग येईल. आला नाही.

"तिच्या खान्यापिन्याची फिकीर सोडा," मी म्हटलं. "मॅट्रिक होईस्तोवर ते माह्याकडे."

"आन् लोकायले काय सांगू? मूर्तिजापूरवाल्याले काय सांगू?"

"सांगा, दार सापडलं नाई."

त्याला काय समजलं कोण जाणे. पण आतून मैनाच्या हातातलं तांब्याचं झाकण खाली पडलं. श्रावण उठला, लुगड्याची पिशवी ओट्यावर ठेवली. म्हणाला, "हे राहू द्या तिले," आणि मोटरस्टँडाकडे चालू लागला.

२७ एप्रिल

अंगात ताप. गुरुजी येऊन गेले. कागदाचं एक अक्षर काढलं नाही. जाताना म्हणाले, "कपाटाची किल्ली यापुढं तुमच्याकडंच ठेवा," आणि टेबलावर ठेवून गेले.

श्रावण पुढच्या वर्षी वकील घेऊन येईल की काय, माहीत नाही. मॅट्रिकला तीन वर्षं आहेत. तीन उन्हाळे. मी खोटं बोलले, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन. याचा पश्चात्ताप व्हायला पाहिजे, तो अजून होऊन नाही राहिला.

१० मे

सगळ्या पोरी गेल्या. माणिकबाईही गावी गेली. एकट्या पोरीला ठेवून मी अमरावतीला जाणार कशी? कौतिकाला लिहिलं, येत नाही. तिचं उलटटपाली पत्र आलं. "बाजेवर आता कुत्रं निजते," एवढंच लिहिलं आहे. सुट्टी नसलेली वेडी शाळा म्हणून हसले होते ना, घे आता.

ऊन असं आहे की विहिरीचा दोर हाताला पोळतो. घागरी आपोआप भरत नाहीत. मी ओढते, मैना धरते. भाकरी ती करते, आणि खरंच सांगते, वाईट करते. हात पोळला की फुंकर मी घालते.

आज गाद्या टाकताना वही दिसली. आता दोनच गाद्या आहेत, लपवायची गरज नव्हती, तरी गादीखालीच ठेवलेली. नवीन पान होतं. भांड्यांचं उत्तर आलं: "ज्या पोरींना न्यायला कोणी येत नाही त्या आणि बाई मिळून घासतात. बाई फार चिडतात." लाल पेन्सिल घेतली होती. ठेवून दिली. हे पटलं मला, व्यवस्था म्हणून पटलं.

संध्याकाळी विहिरीपाशी बसून दोघींनी दोन ताटं घासली. राख ती लावत होती, पाणी मी टाकत होते. मग रजिस्टर उघडलं. सुट्टीत लिहायची गरज नसते, तरी लिहिलं. हजर मुली: एक. सर्व मुली ठीक.

तेवढ्यात मैना माझ्या पाठीला लावायचं तेल गरम करून घेऊन आली.